ऐरण पाहण्याचा कार्यक्रम

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल सत्तार यांचं घर कुठं म्हणून विचारा. पत्ता सांगायच्या आधी माणूस तुमच्या हातातल्या पिशवीकडे पाहील आणि म्हणेल, "विकाले आणलं का दाखवाले?" कारण सत्तारभाईंकडे रिकाम्या हातानं कोणी जातच नाही. कोणाच्या पिशवीत आजोबांचा हातोडा असतो, कोणाच्या गंज चढलेली सांडशी, कोणी हातानं फिरवायचा भट्टीचा पंखा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेला असतो. सत्तारभाई वस्तू पाहतात, हुंगतात म्हटलं तरी चालेल, आणि भाव सांगतात. विकणाऱ्याला जो, तोच घेणाऱ्याला. त्यामुळे दोघेही त्यांच्यावर थोडे थोडे नाराज असतात, आणि तरी पुन्हा त्यांच्याकडेच येतात.

भाव सांगण्याचं ते काही घेत नाहीत. उलट चहा पाजतात.

"वकील तोंड उघडाचे पैसे घेते," खातूनबी ओट्यावरून म्हणते, "आन् आमचा मानूस तोंड उघडते, वरून दूध-साखर बी घालते."

खातूनबी म्हणजे त्यांची बायको. चांदूर रेल्वेला स्टेशनाबाहेर तिच्या वडलांचं पानाचं दुकान होतं. गाडी फलाटावर उभी असेपर्यंत सौदा करायचा आणि शिट्टी व्हायच्या आत पैसे गल्ल्यात टाकायचे, हे शिक्षण तिला शाळेच्या आधी मिळालं. तिचा चेहरा सौद्याच्या वेळी असा कोरा होतो की समोरच्याला वाटावं, ही बाई आत्ताच झोपेतून उठली आहे. सत्तारभाईंचं नेमकं उलट. त्यांच्या चेहऱ्यावर आतलं सगळं बाहेर दिसतं. घरात दोघं उर्दूत बोलतात, बाहेर वऱ्हाडीत, आणि भांडण लागलं की दोन्हीत. लग्नाला चाळीस वर्षं उलटली तरी भांडणाचे विषय संपलेले नाहीत, यावरून संसार सुखाचा आहे हे ओळखावं.

सत्तारभाई खानदानी लोहार. नोकरी मात्र एसटीच्या वर्कशॉपात झाली. बसच्या पोटाखालचे कमानपाटे तापवायचे, वाकवायचे, बसवायचे. जन्मभर हेच. या माणसानं केलेल्या कामावर अर्धा वऱ्हाड बसून फिरला, पण कोणाला बोट दाखवून "हे मी केलं" म्हणावं, अशी एक वस्तू त्यांच्या हातची जगात नव्हती. सगळं काम चिखलात माखून बसच्या खाली. नवी नवरी घरात आली तेव्हा जवान सत्तारनं छाती फुगवून सांगितलं होतं, "तुझ्या बापाच्या दुकानातल्याहून सरस सरोता तुले मी सोता करून देतो." सरोता म्हणजे आपला अडकित्ता. पानवाल्याच्या पोरीला दुसरं काय द्यायचं! पण वडलांची भट्टी भावाभावांच्या वाटणीत मोडली, आणि सरकारच्या कोळशावर घरचं लोखंड तापवायला सत्तारभाईंचा हात धजला नाही. खातूनबी आपली बाजारातल्या अडकित्त्यावर दिवस काढत राहिली. त्याचा जबडा लुकलुकत होता. सुपारी कातरताना ती तो मुद्दाम नवऱ्याच्या कानाशी वाजवायची.

रिटायर झाल्यावर सत्तारभाईंनी अंगणाचा एक कोपरा धरला. तिथं घरगुती भट्टी उभी करायची आणि पहिला सरोता खातूनच्या हातात द्यायचा, एवढाच बेत. साठ उलटलेल्या माणसाला याहून मोठा बेत लागतोच कशाला? अवजारं सगळी जुनीच घ्यायची, हेही ठरलेलं. नव्या हातोड्याला कोणाचाच हात माहीत नसतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि जुनं कसं पारखायचं ते त्यांना विचारावं. सांडशी घेतली की उजेडाकडे धरायची आणि मिटलेल्या जबड्यातून किती प्रकाश येतो ते पाहायचं. हातोड्याचा दांडा बघण्यात वेळ घालवायचा नाही, दांडा बदलता येतो. तोंडाचे टवके पाहायचे. पंख्याला एक जोरदार फेरा देऊन कान लावायचा. थांबताना उसासा टाकला तर ठीक, खाकरला तर आतले दात गेले. ऐरणीसाठी त्यांच्या खिशात ट्रकच्या बेअरिंगमधली एक पोलादी गोळी कायम असे. गोळी ऐरणीवर सोडायची. चांगल्या ऐरणीवरून ती टुणकन उडून पुन्हा तळहाताशी येते. मेलेल्या ऐरणीवर पडते आणि पडूनच राहते. शेवटी एक टोला. ठण्ण आवाज आला तर जिवंत, बद्द आला तर आत कुठं तरी तडा आहे.

सांडशा मिळाल्या, घण मिळाला, पंखा मिळाला, छिन्न्या तर डबाभर झाल्या. राहिली ऐरण. आणि इथं खातूनबीनं मुदत घातली.

"थंडी सरायच्या आत ऐरण आली तं आली. नाई तं त्या कोपऱ्यात मी कोंबड्या पाळून राहिली."

मुदतीत न्याय होता. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे तो उन्हाळ्यात भट्टी पेटवायची भाषा करणार नाही. इथं एप्रिलमध्ये अंगणच भट्टी असतं. सरोत्याचा प्रश्न असा ऐरणीवर आला, फक्त ऐरणीचा पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता असं म्हणणं खोटं होईल. ऐरणी सापडत होत्या. एक, दोन, तीन सापडल्या. पण सत्तारभाईंचा चेहरा आडवा येत होता.

पहिली तर घराजवळच, मोर्णा नदीच्या काठच्या भंगारवाल्याकडे. भंगारवाला तिला किलोच्या भावानं द्यायला बसला होता. सत्तारभाईंनी गोळी सोडली, गोळी उडाली, आणि हा भला माणूस भर दुकानात ओरडला, "सुभानल्ला! ही तं रानी हाय, रानी!" भंगारवाल्यानं राणीला तिथल्या तिथं उचलून गल्ल्यामागे नेऊन ठेवलं. दुसरी चांदूर रेल्वेला, खातूनबीच्या माहेराकडून कळलेली. तिच्या मालकाला सत्तारभाईंनी तिचं पोलाद, तिची घडण, तिचं पुढचं निमुळतं शिंग असं प्रेमानं समजावून सांगितलं की मालक गहिवरला आणि म्हणाला, "मंग मी काहून विकू?"

तिसरी अमरावतीला, बापूसाहेब वकिलांकडे. बापूसाहेबांच्या घरी ती मागच्या दाराला अडसर म्हणून पडली होती. "ही न्या हो, पायाला लागते," असं ते म्हणालेसुद्धा. न्यायची ना गुपचूप! पण सत्तारभाईंना वाटलं, बिचाऱ्याला आपण फसवतो आहोत. त्यांनी बसवून खरी किंमत सांगितली. बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, ऐरणीकडे नव्यानं पाहिलं. आता ती त्यांच्या दिवाणखान्यात शिसवी स्टुलावर असते, आणि आल्यागेल्याला बापूसाहेब खिशातून गोळी काढून टुणकन उडवून दाखवतात. गोळीही सत्तारभाईंचीच. आठवण म्हणून मागून घेतली.

"गोळी बी देऊन आले?" खातूनबीनं विचारलं.

"दुसरी हाय माह्याजवळ."

खातूनबीनं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या जाळीचा भाव काढून आणला.

पण वाया गेलेला प्रामाणिकपणा कधी कधी फिरून घरी येतो. संत्र्याचा हंगाम भरात असताना बापूसाहेबांचा फोन आला. "सत्तारभाई, वरूडच्या एक बाई आहेत, इंदूबाई म्हणून. माझ्या जुन्या अशील. त्यांच्या बागेत सासऱ्यांची ऐरण आहे. द्यायची म्हणतात. तुमचं नाव सांगितलं मी. तुमची ऐरण मी घरात घेऊन बसलो आहे, तर एवढं तर केलंच पाहिजे."

सत्तारभाईंना रात्रभर झोप आली नाही. सकाळी खातूनबीनं बुरखा चढवला, पैशाची बटवी कमरेला खोचली आणि जाहीर केलं, "मी येतो. तुमी तोंड उघडाचं नाई."

वऱ्हाडात मुलगी पाहायला जातात तेव्हा नवऱ्या मुलाला गप्प बसवून ठेवतात, तसाच हा बेत. गल्लीतला डोमाजी संत्री आणायला टेम्पो घेऊन वरूडला जाणारच होता. त्याच्याच शेजारी दोघं दाटीवाटीनं बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत खातूनबीनं नवऱ्याला चेहरा पाडायला शिकवलं. "तेरव्याले आल्यासारखं तोंड करा," असं डोमाजीनंही सुचवून पाहिलं. जमेना. शेवटी खुणा ठरल्या. ऐरण वाईट असली तर सत्तारभाईंनी टोपी सरळ करायची. चांगली असली तर एकदा खोकायचं. बाकी सगळं खातूनबी पाहणार.

"एकदाच," तिनं बजावलं.

वरूडच्या अलीकडे रस्त्याला संत्र्यांचा वास लागला. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, क्रेटांच्या उतरंडी, सगळीकडे तोड्याची धांदल. इंदूबाईंची बाग रस्त्याला लागूनच होती. स्वतः इंदूबाई झाडाखाली बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपासचं वय, नऊवारीचा काष्टा, डोक्याला बांधलेला रुमाल, आणि सुपाएवढ्या हातात एक खुरपं. खुरपं कसलं, झिजून झिजून त्याचा चमचा झाला होता. तेवढ्यानंच त्या आळ्यातलं गवत काढत होत्या आणि बोलत होत्या.

"या जी. वकिलसायबाचा फोन आलता. ऐरन तिकडं हाय, लिंबाखाली."

सगळे लिंबाखाली गेले, आणि सत्तारभाईंचे पाय जमिनीला चिकटले.

कडुलिंबाच्या बुंध्याशी दगडी चौथऱ्यावर ऐरण होती, पण दिसत होता तो शेंदूर. जाड, केशरी, थरावर थर चढलेला. समोर दोन संत्री ठेवलेली, उदबत्तीची राख, वाळलेलं झेंडूचं फूल. फक्त एका बाजूला शिंगाचं टोक आणि वरची कड काळी उघडी होती.

इंदूबाईंनी सांगितलं ते असं. सासरे मोतीराम लोहार. सगळ्या पंचक्रोशीची अवजारं या ऐरणीवर व्हायची. त्या कमाईवर ही बाग लागली. सासरे गेले, पोरं शेतीत पडली, भट्टी विझली. पण दर दसऱ्याला अवजारांची पूजा होते त्यात ऐरणीची पूजा चालू राहिली. दर वर्षी शेंदराचा एक हात. हळूहळू तोड्याला येणारे मजूर पहिलं संत्रं तिच्यापुढं ठेवू लागले. आता सगळे तिला मोतीरामबुवाच म्हणतात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. हिनं तर घणाचे सोसले होते.

"आता हा लिंब जाऊन राहिला. इथं पॅकिंगचं शेड होते. पोरं म्हनते, बुवाले शेडच्या कोपऱ्यात बसवू. म्या म्हनलं, कामाची वस्तू हाय, किती दिवस बसाडून ठेवता? बुवाले कामाले लावनारा मानूस पायजे."

सत्तारभाईंनी फक्त ते शिंगाचं टोक पाहिलं. त्याचा उतार पाहिला. आणि त्यांना खोकला आला. एकदा आला, दुसऱ्यांदा आला, मग थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इंदूबाईंनी घाबरून माठातलं पाणी मागवलं.

खातूनबीनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला आणि चेहरा कोरा केला. चौथऱ्याभोवती एक चक्कर मारली, जीभ टाळ्याला लावून चक् केलं, आणि तिच्या बापानं शिकवलेला पहिला डाव टाकला.

"एवढी काई खास नाई जी. कड झडली हाय. आन् शेंदराखाली काय हाय, कोनाले दिसते? किलोवर जाईन, झालं. भंगारच हाय."

चांदूर रेल्वेच्या फलाटावर हा डाव कधी चुकला नसता. इथं मात्र इंदूबाईंचे सुपाएवढे हात थांबले.

"भंगार?" त्या म्हणाल्या. "किलोचा भाव सांगनारे तीन झन येऊन गेले, बाई. तिघाईले म्या बागेच्या बाहीर काढलं. तुमी पाहुन्या हा. च्या घ्या, संत्रं खा, आन् निंघा."

खातूनबीवर अशी वेळ कधी आली नव्हती. गाडी सुटली होती आणि गल्ला रिकामा. डोमाजी तोंड फिरवून संत्र्याच्या झाडाकडे पाहू लागला.

सत्तारभाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तोंड उघडायचं नाही हे त्यांना आठवत होतं. पण ज्या ऐरणीचं टोक पाहून आपला श्वास अडकला तिला कोणी भंगार म्हणावं, आणि तेही आपल्याच माणसानं, हे त्यांच्या पोटात राहीना.

"बाई," ते म्हणाले, "आमची बी सौदा करून राहिली, तिच्या बोलन्यावर जाऊ नका. मले इचारा. मी खोटं सांगत नाई, मले येतच नाई. तेच्यानंच तं ती संगं आली."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सांगा मंग. काय दिसते तुमाले?"

सत्तारभाई उकिडवे बसले. हात मागे बांधून, पूजेच्या वस्तूला बोट न लावता, त्यांनी उघड्या कडेवरून नजर फिरवली. "कड झडली नाई जी ही. घासली हाय. हातानं घासत घासत गोल झाली. पन भलत्याच बाजूनं झाली. आमी उजव्या हातानं मारतो, आमची झीज तिकडून राहते." ते थांबले. "तुमचे सासरे डावखुरे होते का?"

इंदूबाई खाली बसल्या. त्यांनी हातातलं झिजलेलं खुरपं मांडीवर ठेवलं.

"डावखुरेच होते," त्या म्हणाल्या. "जेवताना सासूबाई रोज वरडे. आज कोनाच्या ध्यानात बी नाई ते." मग रुमालाच्या टोकानं डोळे टिपून म्हणाल्या, "वाजवून पाहा, भाऊ."

"नाई, बाई. तुमच्या पूजेतली हाय. शेंदराले मी हात लावत नाई."

"बुवा माहे हायेत. मी सांगून राहिली ना, वाजवा!"

सत्तारभाईंनी पिशवीतून लहान हातोडा काढला. मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून, शेंदराला चुकवून, उघड्या शिंगावर एक टिचकी मारावी तसा टोला मारला.

ठण्ण!

आवाज लिंबातून वर गेला, बागेतून आडवा गेला. तोडणारे हात शिड्यांवर थांबले. आणि आवाज विरायच्या आत ऐरणीवरून काही तरी सुटलं. आधी एक तडा गेला, मग दुसरा, आणि इतक्या दसऱ्यांचा तो केशरी थर अख्खाच्या अख्खा घसरून चौथऱ्यावर पडला. आत काळी, गुळगुळीत, उघडी ऐरण.

सत्तारभाईंच्या हातून हातोडा गळाला. आपल्या हातून हे काय झालं! परक्या गावात, परक्या घरच्या देवाला! खातूनबीनं त्यांची बाही धरली. मजूर शिड्यांवरून उतरून गोळा होऊ लागले.

इंदूबाई उठल्या. पुढं झाल्या. पडलेल्या शेंदराचा एक तुकडा उचलून त्यांनी कपाळाला लावला आणि दोन्ही हात जोडले.

"बुवानं खोळ सोडली व माय!" त्या ओरडल्या. "इतक्या वर्साची खोळ! देव राजी असल्याबिगर खोळ सोडत नाई. आवाज आयकला का रे पोराहो? हा आवाज! माहे मामंजी बसले का सकाळी हाच आवाज ये. मी नवी नवरी होती तवा या आवाजानंच उठो!"

मग काय विचारता. मजुरांनी मोतीरामबुवाचा जयजयकार केला, एकीनं संत्र्यांचं टोपलंच आणून पुढं ठेवलं, डोमाजी टेम्पोचा हॉर्न वाजवून आला. सत्तारभाईंनी खिशातली गोळी काढली. तोंडावर हसू आणि गालावर पाणी, अशा अवस्थेत ती ऐरणीवर सोडली. गोळी टुणकन उडाली आणि सरळ त्यांच्या तळहातात येऊन बसली.

"सुभानल्ला!" ते ओरडले. "बाई, ही रानी नाई, रानीची सासू हाय!"

खातूनबीनं डोळे मिटून घेतले. आता भाव कुठं जाऊन थांबेल ते तिला दिसत होतं.

"कितीची हाय, सांगा," इंदूबाई म्हणाल्या.

आणि सत्तारभाईंनी खरं सांगितलं. तो आकडा खातूनबीच्या बटवीत मावणारा नव्हता, आणि तेही त्यांनी सांगितलं. "इतकी माही ऐपत नाई, बाई. पन कोनाले बी देसान तं याच्या खाली देऊ नका. पाहून झालं, माहं पोट भरलं." ते उठून धोतरासारखी आपली विजार झटकू लागले. कोपऱ्यात कोंबड्या येणार होत्या, तर येऊ देत. खोटं बोलून आणलेल्या ऐरणीवर घडलेला सरोता खातूनच्या हातात द्यायचा कसा?

इंदूबाई हसल्या. दोन दात नव्हते तरी हसणं मोठं होतं.

"तुमचा भाव मले पसंद नाई. मले तुमच्या बाईचा पसंद हाय. काय म्हने त्या? किलोवर, भंगाराचा? तोच देजा."

"नाई नाई, असं कसं!" सत्तारभाई म्हणाले. "मी तं जास्त देईन."

"म्या घेतलं तं ना!"

वऱ्हाडात असा सौदा पूर्वी झाला असेल तर मला ठाऊक नाही. घेणारा भाव चढवतो आहे, विकणारी उतरवते आहे, आणि बटवीवाली बाई मधोमध उभी राहून कोणाच्या बाजूनं बोलावं या पेचात. अखेर इंदूबाईंनी अट घातली. भंगाराचा भाव, आणि वर एक खुरपं. मघाचा तो लोखंडी चमचा त्यांनी उचलून दाखवला. हे मामंजींनी त्यांच्यासाठी याच ऐरणीवर केलेलं शेवटचं खुरपं. त्यानंतर बाजारातलं एकही हाताला बसलं नव्हतं.

सत्तारभाई घुटमळले. पहिल्या घडणीचा शब्द घरात कधीचा दिलेला होता. त्यांनी खातूनबीकडे पाहिलं. तिनं बटवी सोडली, पैसे इंदूबाईंच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "पयलं खुरपंच होईन, बाई. मी थांबलेलीच हाय, अजून थांबतो. आन् मी ते भंगार म्हनलं ना, ते पोटातून नव्हतं."

"मले मालूम हाय," इंदूबाई म्हणाल्या. "मी बी संत्रं इकतो. घेनारे रोज माह्या संत्र्याले आंबट म्हनते."

दोघी खो खो हसल्या. शेंदराची खोळ इंदूबाईंनी पदरात गोळा करून घेतली, ऐरण चौघांनी मिळून टेम्पोत चढवली, आणि संत्र्यांच्या क्रेटांमध्ये बसून मोतीरामबुवा अकोल्याला निघाले.

भट्टी पेटली ती एका थंड सकाळी. मोर्णेवरचं धुकं अजून गल्लीत होतं. बाभळीचा ओंडका पुरून त्यावर ऐरण बसवली होती. पहिला टोला पडला आणि शेजारच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सत्तारभाईंनी जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. बसच्या पोटाखालचं ते पोलाद त्यांना तळहाताइतकं ओळखीचं होतं. इंदूबाईंनी नमुन्याला दिलेलं झिजलेलं खुरपं समोर ठेवून, त्याची मूठ, त्याचा बाक मनात धरून त्यांनी नवं घडवलं. पहिलं बिघडलं. दुसरं बरं झालं, पण बरं म्हणजे काय, ते त्यांनीच नापास केलं. तिसरं डोमाजीबरोबर वरूडला गेलं. संध्याकाळी इंदूबाईंचा फोन. "बसलं हो हातात!" एवढंच म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बागेतल्या गवताला शिव्या देत राहिल्या. फोन त्यांनी बंदच केला नव्हता.

मग सरोता. त्याला दिवस लागले. खुरपं एका पात्याचं. सरोत्याला दोन पाती, आणि दोघांचं पटलं पाहिजे, संसारासारखं. खातूनबी त्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हती. पाहायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. पण भट्टीच्या बाजूची खिडकी रोज अर्धी उघडी असायची. कोंबड्यांसाठी मध्यंतरी विकत आणलेली जाळी तिनं बहिणीला देऊन टाकली होती.

थंडी सरत आली त्या सुमारास सत्तारभाईंनी सरोता तिच्यापुढं ठेवला. साधाच. नक्षी नाही, मोर नाही, काही नाही. मुठीच्या आतल्या बाजूला फक्त आपल्या हातची म्हणून ठोकलेली एक बारीक खूण, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशी. ज्याच्यावर बोट ठेवून "हे मी केलं" म्हणावं, असं त्यांचं जन्मातलं पहिलं काम ते होतं. खुरप्यात मोतीरामबुवा वाटेकरी होते. दुसऱ्यांच्या वस्तूंना आयुष्यभर भाव सांगणारा माणूस हात पुसत, समोर उभा राहिला. जणू पिशवीतून काही दाखवायला तोच आला होता.

खातूनबीनं चेहरा कोरा केला. सरोता उचलला, उजेडाकडे धरला आणि मिटलेल्या जबड्यातून पाहिलं. प्रकाश आला नाही. उघडला, मिटला. लुकलुकला नाही. डब्यातून सुपारी काढली, मध्ये धरली, दाबली. कच्च. दोन फोडी, एकसारख्या, भुगा नाही. तिनं एक फोड तोंडात टाकली आणि चघळत बसली. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

"भंगार हाय का?" सत्तारभाईंनी विचारलं.

तिनं दुसरी सुपारी घेतली. कच्च.

"खातून, काई तं सांग."

तिनं सरोता मांडीवर ठेवला, ओढणीचं टोक तोंडाशी नेलं आणि खोकली. एकदा. मग पुन्हा. मग तिला आवरेचना. खोकत राहिली, खोकता खोकता हसत राहिली, डोळ्यांतून पाणी ओघळेपर्यंत. सत्तारभाईंनी पाण्याचा तांब्या आणला आणि तो तसाच हातात धरून तिच्या शेजारी ओट्यावर बसले.